निळा गाळ

“दिवसभर? मग इथे तुम्ही करता तरी काय?” न्यूझीलंडमधल्या टेकापो सरोवराच्या काठावर एका अनोळखी बाईंनी मला विचारलेला हा प्रश्न अजून अधूनमधून डोके वर काढतो. बाई मराठी पर्यटकांच्या एका बसमधून उतरल्या होत्या. बसच्या व्यवस्थापकाने हातातली पताका उंच धरून, वीस मिनिटांत फोटो आणि स्वच्छतागृह आटोपून परत यायला सांगितले होते, आणि माणसे पाण्याकडे पाठ करून भराभर रांगेने उभी राहत होती. या बाईंच्या बुटात खडा गेला होता, म्हणून त्या माझ्या शेजारच्या मोठ्या दगडावर टेकल्या. मी वडिलांना टोपी घालण्यासाठी हाक मारली, तेव्हा त्यांनी मराठी ओळखले आणि बोलणे सुरू झाले. आम्ही सकाळपासून इथेच आहोत आणि संध्याकाळपर्यंत इथेच असणार, हे ऐकून त्यांना खरोखर कुतूहल वाटले. त्या कुतूहलात थोडी कीवही असावी. मी म्हणाले, “काही नाही, बसलोय.” त्यावर त्या हसल्या आणि म्हणाल्या, “बसायला एवढ्या लांब?” तेवढ्यात शिटी वाजली, त्यांनी बूट चढवला आणि त्या क्वीन्सटाउनच्या दिशेने निघून गेल्या.

प्रश्न चुकीचा नव्हता. मीही त्याच शाळेतली आहे. आमच्या लहानपणी महाबळेश्वरला जाणे म्हणजे सगळे पॉइंट पाहून संपवणे होते, आणि एखादा राहिला तर आई घरी पोचेपर्यंत हळहळत असे. पैसे खर्च करून गेलेल्या माणसाने एका जागी बसून राहावे, यात तिला उधळपट्टी दिसली असती. दादा क्राइस्टचर्चला स्थायिक होऊन बरीच वर्षे झाली आहेत, आणि तिथल्या लोकांकडून त्याने इतर काही शिकले असो वा नसो, तलावाकाठी घडीच्या खुर्च्या टाकून अख्खा दिवस घालवण्याची कला मात्र शिकली आहे. बाबांना घेऊन मी डिसेंबरात त्याच्याकडे गेले, तेव्हा त्याने सहलीतला एक दिवस असाच मोकळा सोडला. यादीत त्या दिवसासमोर त्याने फक्त ‘टेकापो’ एवढेच लिहिले होते. वहिनींनी मेथीचे ठेपले, बटाट्याची सुकी भाजी, लसणाची चटणी आणि भडंग असा ऐवज बांधून घेतला. तोही सगळा क्राइस्टचर्चच्या स्वयंपाकघरातला होता, कारण त्या देशाच्या विमानतळावर बाहेरून आणलेल्या खाण्याची जी झडती होते, तिच्यापुढे मुंबईहून डबे आणण्याची माझी छाती झाली नव्हती.

क्राइस्टचर्चहून निघालेला रस्ता आधी कँटरबरीच्या हिरव्यागार सपाटीतून जातो. मग बर्क्स खिंड ओलांडली की एकाएकी हिरवा रंग संपतो आणि टसॉक गवताची पिवळट, उघडीबोडकी माळराने सुरू होतात. डोंगरांवर झाडे जवळजवळ नाहीत, आणि आकाश गरजेपेक्षा मोठे वाटते. या सगळ्या तपकिरी-करड्या पसाऱ्यात एका वळणावर सरोवर दिसते. त्याचा रंग पाहून पहिली भावना आनंदाची होत नाही, संशयाची होते. दुधात नीळ कालवावी तसा तो रंग आहे. पारदर्शक मुळीच नाही. समुद्राच्या निळ्या रंगाला खोली जाणवते, या रंगाला पृष्ठभाग जाणवतो, जणू पाण्याच्या आत काही दिसू द्यायचेच नाही असे कोणी ठरवले आहे. मी काठावर जाऊन ओंजळ भरली तर हातात साधेच पाणी आले, किंचित धुरकट. पाय मात्र मिनिटभरही आत ठेवता आले नाहीत. घोट्यांच्या हाडांपर्यंत कळ गेली. माझी भाची त्याच पाण्यात धावत गेली, किंचाळली, बुडी मारून बाहेर आली आणि दात वाजवत म्हणाली, “आत्या, एकदा सवय झाली ना, की मग काहीच वाटत नाही.” तिचे ओठ निळे पडले होते.

रंगाचे कारण दादाने सांगितले. उत्तरेला दक्षिण आल्प्सच्या कुशीत हिमनद्या आहेत. बर्फाचे ते प्रचंड ओझे हळूहळू खाली सरकते, तेव्हा त्याच्या पोटात अडकलेले दगड तळाच्या खडकावर घासत जातात, आणि जात्यातून पडावे इतके बारीक पीठ तयार होते. गॉडली नदी ते पीठ घेऊन सरोवरात येते. कण इतके सूक्ष्म असतात की ते लवकर तळाशी बसतच नाहीत, पाण्यात तरंगत राहतात. सूर्यप्रकाशातला तांबडा भाग पाणी शोषून घेते आणि हे कण निळा-हिरवा भाग चहूकडे विखुरतात. दादाला समजावून सांगण्याची हौस आहे, त्यामुळे हे बरेच सविस्तर झाले. बाबा कानाला हात लावून ऐकत होते. सगळे ऐकून झाल्यावर त्यांनी एकच वाक्य उच्चारले.

“म्हणजे हा गाळच आहे.”

माझ्या वडिलांची सगळी नोकरी पाटबंधारे खात्यात गेली, आणि तीही मुख्यतः जायकवाडीवर. त्यामुळे ‘गाळ’ हा आमच्या घरात नुसता पदार्थ नव्हता, ते एक नाव होते, एखाद्या त्रासदायक नातेवाइकाचे असावे तसे. गोदावरी पावसाळ्यात चहाच्या रंगाची होऊन येई आणि त्या रंगाकडे पाहून लोक पाणी आले म्हणून खूश होत, तेव्हा बाबांच्या मनात दुसराच हिशेब चाले. या पाण्याबरोबर किती माती आली, ती कुठे बसणार आणि धरणाची पोटातली जागा किती खाणार. धरण एका बाजूने भरते आणि त्याच वेळी दुसऱ्या अर्थानेही भरते, असे ते म्हणत. निवृत्तीनंतरही वर्तमानपत्रात जायकवाडीच्या टक्केवारीचा आकडा आला की ते चष्म्यावरून बघत आणि विचारत, “गाळ धरून की सोडून?” अशा माणसाला पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला नेऊन, ज्या रंगासाठी जगभरातून लोक तिकिटे काढून येतात तो रंग दाखवावा, आणि तो गाळ निघावा, यात मला वाटले त्यापेक्षा त्यांनाच जास्त गंमत वाटली. त्यांनी टोपी सारखी केली, खुर्ची पाण्याकडे वळवली आणि त्या क्षणापासून त्यांचे सरोवर बघणे खऱ्या अर्थाने सुरू झाले.

सुरुवातीला त्यांनी काठ वाचला. मला काठावर फक्त करडे गोटे दिसत होते, आपल्याकडच्या काळ्या बसाल्टपेक्षा फिके, हातात घेतले तर थंडगार. बाबांना त्या गोट्यांमध्ये आडव्या रेषा दिसल्या. पाणी कुठवर चढते, कुठवर उतरते, याच्या खुणा. वाऱ्याने लोटलेल्या काटक्यांची एक ओळ वर होती, तिच्याखाली गोट्यांचा रंग बदलत होता. “हे पाणी कुणीतरी हलवतंय,” ते म्हणाले. “नुसत्या तलावाच्या खुणा अशा नसतात.” दादा हसला, कारण बाबांचे बरोबर होते. टेकापो हे हिमनदीने केलेले सरोवर खरे, पण ते आता विजेसाठी राखलेले जलाशयही आहे. गावाच्या तोंडाशी, जिथून नदी बाहेर पडते, तिथे महामार्गाच्या पुलाखालीच दरवाजे आहेत. गावाखालून एक बोगदा जातो आणि त्यातून येणारे पाणी पहिल्या वीजगृहाला मिळते. हे काम १९३८ मध्ये सुरू झाले, महायुद्धात रखडले आणि १९५१ मध्ये वीज निघू लागली. पुढे कालव्याने तेच पाणी शेजारच्या पुकाकी सरोवरात जाते, आणि तिथून खाली उतरत उतरत समुद्राला मिळेपर्यंत एकूण आठ वीजगृहांतून फिरते. टेकापो आणि पुकाकी मिळून त्या देशाच्या जलविद्युत साठवणुकीचा निम्म्याहून अधिक भाग होतो.

मला हे ऐकून किंचित फसवल्यासारखे झाले. मनाने मी एका अस्पर्श निसर्गाच्या काठी बसले होते, आणि त्याच्या तळाशी तोटी निघाली. बाबांचे उलटे झाले. इतका वेळ ते पाहुणे होते, आता ते ओळखीच्या घरी आले. पूर्ण संचय पातळी किती, किमान पातळी किती, भरायचा हंगाम कोणता, असे प्रश्न एकामागून एक निघाले. दादा फोनवर शोधून उत्तरे देत राहिला. त्यातून बाबांना सगळ्यात आवडलेली गोष्ट ही, की तिथे हिवाळ्यात विजेची मागणी सर्वांत जास्त असते आणि नेमके तेव्हाच सरोवरात येणारे पाणी कमी होते, कारण डोंगरावर पडणारे पाणी बर्फ होऊन वरच थांबते. उन्हाळ्यात ते वितळते आणि खाली येते. “म्हणजे यांचं खरं धरण वर आहे,” बाबा पलीकडच्या पांढऱ्या शिखरांकडे बोट दाखवून म्हणाले. “आपल्याकडे चार महिन्यांत सगळं येतं आणि ते आपणच अडवायचं. यांना निसर्गाने वरचा साठा फुकट दिलाय.” मग त्यांनी सरोवराच्या दक्षिण टोकाच्या त्या ठेंगण्या टेकाडांची चौकशी केली. शेवटच्या हिमयुगात हिमनदी इथवर येऊन थांबली होती. तिने पुढे ढकलत आणलेला दगडमातीचा ढिगारा ती मागे सरल्यावर तसाच राहिला आणि त्याच्यामागे पाणी तुंबले. मोठे धोंडे, वाळू, चिकणमाती, सगळे एकत्र. बाबा म्हणाले, “मातीचं धरण. जायकवाडीसारखंच. फक्त रोलर फिरवलेला नाही.”

पैठणच्या कॉलनीतले आमचे रविवार मला आठवले. बाबा आम्हाला धरणाच्या भिंतीवर फिरायला नेत. ती भिंत जवळजवळ दहा किलोमीटर लांब आहे, लहान मुलांना ती न संपणारी वाटते. एका बाजूला नाथसागर, त्याला पलीकडचा काठ दिसत नसे, आणि दुसऱ्या बाजूला खाली पैठण. आम्ही पाण्यावरचे पक्षी बघत असू आणि बाबा भिंतीच्या उतारावरचे दगड बघत. कुठे एखादा हलला आहे का, कुठे ओल दिसते का. आई म्हणायची, “रविवारी तरी धरणाला सुट्टी द्या.” पण त्यांची विश्रांती तीच होती, हे मला त्या वेळी कळत नव्हते. १९७६ मध्ये जायकवाडीचे लोकार्पण झाले. टेकापोपासून पुढे असलेल्या पुकाकी सरोवराची पातळीही त्याच वर्षी नव्या बांधाने ३७ मीटरने उंचावली गेली. त्या चढलेल्या पाण्यात एक लहानसे बेटही गेले. त्या देशाच्या जुन्या पाच पौंडांच्या नोटेवर जे चित्र होते, त्यातले ते बेट. नाथसागराखाली मात्र नोटेवरचे चित्र गेले नव्हते, माणसांची गावे गेली होती. कॉलनीत धुणीभांडी करायला येणाऱ्या एक मावशी पाण्याकडे हात करून आपले घर कुठे होते ते दाखवत असत, आणि आम्ही मुले त्या दिशेला काहीतरी दिसेल म्हणून बघत बसायचो. बाबा त्या वेळी काही बोलत नसत. टेकापोच्या काठावरही हा विषय निघाला तेव्हा ते बोलले नाहीत. त्यांनी फक्त पाण्याचा थर्मास मागितला.

दुपारी जेवण झाले आणि वारा उठला. वायव्येकडून येणारा तो वारा आल्प्सच्या पलीकडे पाऊस पाडून, कोरडा आणि गरम होऊन या बाजूला उतरतो. काही मिनिटांत निळा पत्रा मोडला. पाण्यावर लाटा आल्या, त्यांना पांढरे शेंडे आले आणि रंग पार राखाडी झाला. सकाळी ज्यांनी फोटो काढले आणि दुपारी ज्यांनी काढले, त्यांना दोन वेगळी सरोवरे मिळाली असतील. ठेपल्याचा एक कागद उडाला, त्यामागे वहिनी धावल्या, भडंगात वाळू गेली. ऊन डोळ्यांवर मारत होते आणि त्याच वेळी अंगाला गारवा झोंबत होता. त्या देशातले ऊन फसवे आहे, त्वचा भाजते पण घाम येत नाही. आम्ही खुर्च्या एका टेकाडाच्या आडोशाला नेल्या, आणि तिथे मी झोपले. घरी मी दुपारी झोपत नाही. जागी झाले तेव्हा नेमके किती वाजले हे कळेना, कारण डिसेंबरात तिथला सूर्य रात्री नऊनंतर मावळतो आणि चार वाजताचे ऊन सकाळी अकराचे असावे तसे कोवळे-कडक दिसते.

आडोशाच्या त्या टेकाडावर ल्युपिन फुलले होते. जांभळे, गुलाबी, पांढरे, पिवळे तुरे, कमरेइतके उंच, काठापर्यंत उतरलेले. टेकापोचे जे चित्र दिनदर्शिकांवर असते त्यात पुढे हे तुरे, मध्ये निळे पाणी आणि मागे बर्फ असतो. मी त्यांचे कौतुक करायला लागले तर भाचीने मला थांबवले. ही फुले इथली नाहीत. बाहेरून आणलेली आहेत, रस्त्याच्या कडेने कुणीतरी हौसेने बी टाकले, आणि आता ती वाळूच्या नदीपात्रांत पसरली आहेत. त्या भागातल्या नद्या अनेक धारांमध्ये वाहतात, मधल्या उघड्या गोट्यांवर पक्षी अंडी घालतात. ‘काकी’ नावाचा काळा, लांब तांबड्या पायांचा पाणपक्षी त्यांतलाच. जगातल्या अतिशय दुर्मीळ पाणपक्ष्यांपैकी एक. ल्युपिनने गोटे झाकले की त्याला घरटे करायला जागा उरत नाही, आणि मांजरे-मुंगुसांसारख्या शिकाऱ्यांना दबा धरायला मात्र जागा मिळते. (मुंगूस हा शब्द तिला आजोबांसाठी वापरावा लागला. तिथे असतात ते स्टोट आणि फेरेट.) हे सांगून झाल्यावर भाचीनेच त्या फुलांत उभे राहून माझ्याकडून आपला फोटो काढून घेतला. मी काही म्हणाले नाही. सुंदर दिसत होती.

एव्हाना माझ्या लक्षात आले होते की त्या काठावर नुसते, आपोआप असलेले असे फारच थोडे होते. पाणी कुणीतरी सोडत-अडवत होते, फुले कुणीतरी पेरली होती, मेंढ्या कुणीतरी आणल्या होत्या, काठावरचे ते छोटे दगडी चर्च १९३५ मध्ये त्या मेंढपाळ वसाहतकारांच्या आठवणीसाठी बांधले होते, आणि जवळच मेंढ्या राखणाऱ्या कुत्र्याचा ब्राँझचा पुतळाही होता. चर्चच्या वेदीमागच्या खिडकीतून सरोवर आणि डोंगर चौकटीत दिसतात. आत फोटो काढू देत नाहीत, ही त्यातली सर्वांत चांगली गोष्ट. रात्रीचा अंधारसुद्धा तिथे राखलेला आहे. २०१२ मध्ये तो सगळा परिसर काळोख्या आकाशाचे राखीव क्षेत्र म्हणून जाहीर झाला, आणि दिव्यांची तोंडे तर त्याच्या कितीतरी आधीपासून खाली वळवलेली होती. सकाळी या गोष्टी कळल्या असत्या तर माझा विरस झाला असता. संध्याकाळी झाला नाही. बाबांकडे पाहत दिवस काढल्याचा तो परिणाम असावा. त्यांना कधीच अस्पर्श पाण्याचे आकर्षण नव्हते. कुणीतरी काळजीने सांभाळलेले पाणी त्यांना जास्त सुंदर दिसे. त्या बाईंना सांगता आले असते, की आम्ही इथे बसून एका निवृत्त माणसाला कामावर रुजू होताना बघतो आहोत. पण हे वीस मिनिटांत समजावून सांगण्यासारखे नव्हते, आणि तेव्हा मलाही ते कळले नव्हते.

एकच गोष्ट त्यांना टोचली. गावातल्या पुलावरून परतताना त्यांनी दादाला गाडी थांबवायला लावली आणि दरवाजांच्या खालच्या बाजूला वाकून पाहिले. नदीच्या मूळ पात्रात गोटे होते, पाणी नावाला. सगळे बोगद्याने आणि कालव्याने जाते. “पैठणसारखंच,” ते म्हणाले. नाथषष्ठीच्या आधी पात्रात पाणी सोडा म्हणून लोक कार्यालयात येत, ते त्यांना आठवले असावे. धरणाच्या पायथ्याशी राहणाऱ्या माणसाच्या नशिबी बहुधा कोरडे पात्रच असते. हिमनद्या मागे हटत आहेत आणि त्यांच्या तोंडाशी वरच नवी तळी तयार होत आहेत, हे दादाने सांगितले तेव्हा बाबांनी क्षणभर विचार करून म्हटले, “मग गाळ वरच्या तळ्यांतच बसेल. खालचं पाणी हळूहळू स्वच्छ होईल.” गाळ अडला याचा त्यांना आनंद व्हायला हवा होता. तो झालेला दिसला नाही.

रात्रीच्या जेवणाआधी त्यांना कालवा पाहायचा होता. टेकापोपासून पुकाकीपर्यंत सव्वीस किलोमीटर जाणारा तो कालवा माळरानावर उंचावरून वाहतो. तोच निळा रंग, पण सरळ रेषेत आणि वेगात. काठावर मासे धरायला लोक बसले होते. तिथे मोठाले ट्राउट आणि सामन सापडतात. गळती थांबवण्यासाठी काही वर्षांपूर्वी कालव्याच्या काही भागाला आतून अस्तर घातले गेले, हे कळल्यावर बाबांनी समाधानाने मान हलवली. गळतीविना कालवा नसतो, हे त्यांचे जुने मत आहे. मग त्यांनी एका मासेवाल्याला दादाकरवी विचारले, विसर्ग किती आहे. त्या गृहस्थाला हा प्रश्न आयुष्यात कुणी विचारला नसावा. त्याने खांदे उडवले. तेव्हा बाबांनी भाचीला काठाकाठाने पावले मोजत पुढे उभे केले, दादाला एक वाळकी काटकी पाण्यात टाकायला लावली आणि मला घड्याळ धरायला सांगितले. वाऱ्याने काटकी कडेला ढकलली म्हणून परत टाकायला लावली. पृष्ठभागाचा वेग सरासरीपेक्षा जास्त असतो, म्हणून त्याला शून्य दशांश पंच्याऐंशीने गुणायचे, हे त्यांनी नातीला समजावून सांगितले. रुंदी आणि खोली त्यांनी डोळ्यांनी ठरवली. हिशेब ठेपल्याच्या उरलेल्या कागदावर झाला. उत्तर सेकंदाला शंभर घनमीटरच्या आसपास आले, पण ते त्यांना कळेना, म्हणून पस्तीस पूर्णांक एकतीसने गुणून त्याचे क्युसेक केले आणि आकड्याकडे पाहून ते एकदम खुलले. “बघ, जवळजवळ आपल्या डाव्या कालव्याइतका निघाला.”

भाचीने कागद हातात घेऊन वरपासून खालपर्यंत तपासला. “आजोबा,” ती म्हणाली, “तुम्ही रुंदी नंतर वाढवलीत.”

“आधी वाऱ्यात नीट दिसत नव्हती,” बाबा म्हणाले आणि कागद घडी करून खिशात ठेवला.